कौशिकाचे सत्य

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या एका तपस्व्याची कथा आली आहे. युद्धाच्या गदारोळात सहज नजरेआड व्हावी इतकी ती लहान आहे. गावापासून फारसा दूर नसलेल्या एका नदीसंगमावर हा कौशिक राहत असे. त्याचे ज्ञान बेताचेच होते; परंतु सदैव सत्य बोलण्याचे व्रत त्याने घेतले होते आणि सत्यवादी म्हणून त्याचा लौकिक होता. एकदा काही माणसे दरोडेखोरांच्या भीतीने धावत आली आणि जवळच्या रानात शिरली. मागोमाग दरोडेखोर आले. खरे बोलणारा माणूस म्हणून त्यांनी त्यालाच वाट विचारली, आणि कौशिकाने खरे ते सांगितले. रानात लपलेली माणसे मारली गेली. कथेच्या शेवटी कौशिक नरकात जातो.

कथा सांगणारा श्रीकृष्ण आहे आणि ऐकणारा अर्जुन. कर्णाच्या बाणांनी घायाळ होऊन शिबिरात परतलेल्या युधिष्ठिराने अर्जुनाची निर्भर्त्सना केली आहे; कर्णाचा वध तुझ्याने होत नसेल तर गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक, असे तो म्हणून गेला आहे. असे जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करण्याची अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा होती. प्रतिज्ञा पाळावी तर वडील भावाचा वध, न पाळावी तर असत्याचा दोष. अर्जुनाने तलवार उपसली, आणि त्या क्षणी श्रीकृष्णाने ही कथा सांगितली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतील कर्णपर्वाचे संपादन प. ल. वैद्य यांनी केले व ते १९५४ साली प्रसिद्ध झाले. अनेक लोकप्रिय कथा ज्या कसोटीवर प्रक्षिप्त ठरून तळटीपांत गेल्या, त्या कसोटीतून कौशिक मात्र पार पडला आहे.

श्रीकृष्णाने काढलेला तोडगा आजच्या वाचकाला प्रथमदर्शनी पळवाटेसारखा वाटतो. आदरणीय माणसाला एकेरीत संबोधणे हाच त्याचा वध. तेव्हा अर्जुनाने युधिष्ठिराला कठोर शब्द सुनवावेत आणि प्रतिज्ञेतून मोकळे व्हावे. तसे केल्यावर अर्जुनाला आपल्या वाणीची इतकी लाज वाटते की तो आत्मघात करू पाहतो. त्यावर, आत्मस्तुती ही आत्महत्येसमानच आहे, तेव्हा स्वतःच्या तोंडाने स्वतःचे गुण गा, असा दुसरा तोडगा निघतो. थोरल्यांना अहो-जाहो करणाऱ्या मराठी घरात वाढलेल्या वाचकाला यातला पहिला भाग निव्वळ शब्दच्छल वाटणार नाही. सर्वनाम बदलले की नाते जखमी होते, हा त्याच्या परिचयाचा अनुभव आहे. तथापि तोडग्यातील चातुर्यापेक्षा त्यामागचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. धर्म हा प्रजेच्या धारणेसाठी आहे, आणि सत्याची थोरवीही त्या धारणेतूनच येते, असे श्रीकृष्णाचे म्हणणे आहे. ज्या सत्याने निरपराधांचा घात होतो ते शब्दाने सत्य असले तरी धर्माने सत्य ठरत नाही.

आश्चर्य असे की अठराव्या शतकाच्या अखेरीस, या कथेची गंधवार्ता नसताना, युरोपात हाच प्रश्न जवळजवळ त्याच रूपात उभा राहिला. तुमचा मित्र तुमच्या घरात लपला आहे, त्याच्या जिवावर उठलेला मारेकरी दाराशी येऊन तो आत आहे का असे विचारतो. तुम्ही काय सांगाल? बेंजामिन काँस्टंट या फ्रेंच विचारवंताचे उत्तर असे की सत्य सांगण्याचे कर्तव्य ज्याला सत्यावर अधिकार आहे त्याच्यापुरतेच असते. मारेकऱ्याला तो अधिकार नाही. इमॅन्युएल कान्ट याने १७९७ साली एक छोटासा निबंध लिहून त्याचे खंडन केले. परोपकारबुद्धीने का होईना, खोटे बोलण्याचा अधिकार माणसाला नाही, हा त्या निबंधाचा सिद्धांत.

कान्टची ही भूमिका निष्ठुर म्हणून सोडून देणे सोपे आहे, आणि बहुतेक वाचक तसेच करतात. परंतु त्याचा युक्तिवाद नीट पाहिला पाहिजे. परिणाम माणसाच्या हाती नसतात, हे त्याच्या म्हणण्याचे एक अंग. मित्र घरात नाही असे तुम्ही सांगितले, आणि नेमका तोपर्यंत तो मागच्या दाराने बाहेर पडला असला, तर परत फिरणाऱ्या मारेकऱ्याच्या तो हाती सापडेल; मग त्या मृत्यूचे उत्तरदायित्व तुमच्या असत्यावरच येईल. दुसरे अंग अधिक खोल आहे. माणसाचे बोलणे विश्वासार्ह असते, या गृहीतावर सर्व करार, सर्व व्यवहार आणि सर्व कायदा उभा आहे. खोटे बोलणारा केवळ समोरच्याला फसवीत नाही. तो शब्दाची पत कमी करतो, आणि म्हणून समस्त मानवजातीचा अपराधी ठरतो. नियम सर्वांना सारखा, मला स्वतःला त्यातून सूट नाही, ही कान्टच्या नीतिविचारातील मूळ प्रेरणा आहे. सत्ताधारी आणि धनवान स्वतःसाठी अपवाद निर्माण करीत असतात, तेव्हा सामान्य माणूस नकळत कान्टच्याच भाषेत त्यांचा निषेध करीत असतो.

कौशिक हा कान्टचा पूर्वावतार होय काय? बिमल कृष्ण मतिलाल यांनी भारतीय महाकाव्यांतील नैतिक पेचांची चर्चा करताना या दोघांना शेजारी बसविले आहे. त्यांच्या संपादनाखाली १९८९ साली सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेने प्रसिद्ध केलेला या विषयावरील निबंधसंग्रह अभ्यासकांना परिचित आहे. तुलना उद्बोधक आहे, पण तिच्यात एक फरक जपावा लागतो. कान्टला माणसांच्या परस्परविश्वासाची काळजी आहे. कौशिकाजवळ असे कोणतेही समर्थन नाही. त्याच्याजवळ व्रत आहे, आणि व्रतातून आलेला लौकिक आहे. मौन पाळता आले असते, ध्यानस्थ बसता आले असते. श्रीकृष्णाने अर्जुनाला पुढे असे मार्ग सुचविलेही आहेत. बोलल्यावाचून सुटका होत असेल तर बोलू नये, आणि न बोलण्यानेच संशय येणार असेल तर असत्य हेच श्रेयस्कर, असा तो क्रम आहे. कौशिकाला या पायऱ्या सुचल्या नाहीत, कारण त्याचे लक्ष रानातल्या माणसांकडे नव्हते. ते आपल्या सत्यवादीपणाकडे होते. नियमनिष्ठेचा हा मोठा धोका आहे. नियम माणसांसाठी जपता जपता कधी स्वतःच्या शुद्धीसाठी जपला जाऊ लागतो, ते नियम पाळणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही.

उपयुक्ततावाद्यांना हा पेच पेच वाटतच नाही. जेरेमी बेंथॅमने १७८९ साली सुख आणि दुःख यांच्या तागडीत नीती आणि कायदा दोन्ही तोलून दाखविले. जॉन स्टुअर्ट मिलचा या विषयावरील निबंध १८६१ साली नियतकालिकातून आणि १८६३ साली पुस्तकरूपाने आला. सत्यकथनाचा नियम समाजाच्या सुखाला अत्यंत उपकारक आहे, म्हणून तो पवित्र मानावा, असे मिल म्हणतो. परंतु त्यालाही अपवाद आहेत हे सर्व नीतिशास्त्रज्ञांना मान्य असल्याचे तो नमूद करतो. त्याने दिलेली उदाहरणे दोन आहेत: दुष्टापासून माहिती लपविणे, आणि अत्यवस्थ रुग्णापासून वाईट बातमी लपविणे.

पहिले उदाहरण कौशिकाचे आहे. दुसरे मात्र घराघरातले आहे, आणि तेथे उपयुक्ततेची तागडी दिसते तितकी स्थिर राहत नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टर थोरल्या मुलाला बाजूला घेऊन कर्करोगाचे निदान सांगतात. आत खाटेवर वडील आहेत. व्हरांड्यातच निर्णय होतो की त्यांना काही कळू द्यायचे नाही. जुनाट दुखणे आहे, औषधाने उतार पडेल, असे ठरवून सांगितले जाते. सून, मुलगी, शेजारी सगळे त्या वाक्याला बांधले जातात. यात कोणाचाही स्वार्थ नसतो; उलट प्रत्येकाला ते वाक्य उच्चारताना आवंढा गिळावा लागतो. वडिलांचे उरलेले दिवस निर्धास्त जावेत, हा हिशेब त्यामागे असतो आणि तो हिशेब प्रेमाचा असतो. पण त्याच दिवसांत वडिलांना कोणाशी काही बोलायचे असेल, जुना तंटा मिटवायचा असेल, जमिनीच्या वाटण्या करायच्या असतील, एखादे तीर्थ पाहायचे असेल. तो अवसर त्यांच्या हातून काढून घेतला जातो. शिवाय रुग्ण बहुधा ओळखतो. मग तोही न कळल्याचे सोंग घेतो, आणि एकाच खोलीत दोन्ही बाजूंनी एकमेकांना वाचविण्यासाठी खोटे बोलले जाते.

या बाबतीत एका पिढीत मत किती पालटू शकते, याचे उदाहरण अमेरिकेत दिसते. १९६१ साली तेथील डॉक्टरांच्या एका पाहणीत बहुसंख्य डॉक्टर कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याच्या बाजूचे होते. १९७९ सालच्या पाहणीत बहुसंख्य सांगण्याच्या बाजूचे झाले. दोन्ही काळांत डॉक्टर रुग्णाचे हितच पाहत होते. बदलली ती हिताची कल्पना. पुष्कळांचे पुष्कळ सुख मोजण्याआधी सुख कोणी ठरवायचे हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तागडी त्याचे उत्तर देत नाही. कान्टने ज्याला माणसाचा मान म्हटले असते, तो व्हरांड्यातल्या त्या प्रेमळ निर्णयात कोठेतरी दुखावलेला असतो.

मराठीत या सर्व मतांची एकत्र छाननी प्रथम झाली ती 'गीतारहस्या'त. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी हा ग्रंथ शिसपेन्सिलीने लिहिला आणि १९१५ साली तो पुण्यात प्रसिद्ध झाला. त्यातील 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात सत्याच्या अपवादांचा प्रश्न महाभारताच्या आधारे मांडलेला आहे, आणि हिंदूंच्या शास्त्रांत असत्याला मुभा आहे म्हणून नाके मुरडणाऱ्या पाश्चात्त्य टीकाकारांना त्यांच्याच मिल-सिज्विकांचे दाखले देऊन निरुत्तर केले आहे. परंतु टिळक उपयुक्ततावाद्यांच्या पंक्तीला बसत नाहीत. बाह्य परिणाम मोजून कर्माची योग्यता ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, असा त्यांचा आग्रह आहे. युधिष्ठिराच्या अश्वमेधापेक्षा उपाशी ब्राह्मणाने अतिथीला दिलेले मूठभर सातू श्रेष्ठ ठरविणारी मुंगसाची कथा महाभारतातच आहे. परिणामांच्या हिशेबाने ती सुटत नाही. सदसद्विवेक नावाची स्वतंत्र देवता माणसाच्या अंतःकरणात बसून निवाडे करते, हे मतही त्यांनी नाकारले. सर्वांभूती एकच आत्मा पाहणारी सम बुद्धी ज्याची झाली, त्याचे आचरण हीच त्यांची अखेरची कसोटी आहे.

ही कसोटी उदात्त आहे यात शंका नाही. अडचण अशी की बुद्धी सम झाली की नाही हे बाहेरून पाहता येत नाही, आणि आतून पाहणारा स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचा संभव असतो. निःस्वार्थ माणसानेही निर्घृण कृत्य करावे आणि आपले अंतःकरण निर्मळ आहे असे मनापासून मानावे, याची उदाहरणे इतिहासात विरळ नाहीत. कौशिकाला विचारले असते तर त्यानेही आपली बुद्धी शुद्ध होती असेच सांगितले असते.

नेमक्या या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेला एक भेद उपयोगी पडतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि प्रत्यक्षात देता न आलेले त्यांचे भाषण १९३६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम काय करावे ते सांगतो; तत्त्व कसे पारखावे ते सांगते. तत्त्व चुकीचे असू शकेल, पण त्यानुसार केलेले कृत्य समजून-उमजून केलेले आणि म्हणून जबाबदारीचे असते. नियमानुसार केलेले कृत्य बरोबरही असेल, पण त्यात कर्त्याची जबाबदारी नसते. कोलंबियात जॉन ड्यूईच्या हाताखाली शिकलेल्या आंबेडकरांच्या या मांडणीवर त्या गुरूची छाया आहे, हे खरे. परंतु तिला धार आली ती येथल्या अनुभवाने. आज्ञा आणि निषेध यांची यादी म्हणजेच धर्म, असे मानणाऱ्या समाजात माणूस कोणाला पाणी नाकारतो आणि तरीही स्वतःला धार्मिक समजतो, हे त्यांनी भोगलेले होते. त्या दृष्टीने पाहिले तर कौशिक हा एकटा नाही. नियम पाळला, पुढचे माझ्याकडे नाही, असे म्हणणाऱ्यांची एक मोठी परंपरा त्याच्या मागे उभी आहे.

एवढ्यावर थांबता आले असते, तर नीतिप्रश्नाचा निकाल श्रीकृष्णाच्या बाजूने लागला असे म्हणून ग्रंथ मिटता आला असता. महाभारत तसे करू देत नाही. द्रोणपर्वात अश्वत्थामा मारला गेल्याची बातमी द्रोणांना द्यायची असते. भीमाने त्या नावाचा हत्ती मारलेला असतो. द्रोणांचा विश्वास फक्त युधिष्ठिरावर. आणि श्रीकृष्णाच्याच आग्रहावरून युधिष्ठिर तो शब्द उच्चारतो, हत्तीचा उल्लेख अस्पष्ट पुटपुटतो. त्याचा रथ आजवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे. तो त्या क्षणी जमिनीला टेकतो. पुढे स्वर्गारोहणपर्वात त्याला नरकाचे दर्शन घडते, आणि कारण सांगितले जाते ते हेच: द्रोणांना त्याने कपटाने फसविले, म्हणून त्यालाही कपटानेच नरक दाखविला गेला.

एकाच ग्रंथात खरे बोलणारा कौशिक नरकात जातो आणि खोटे बोलणाऱ्या युधिष्ठिराला नरक पाहावा लागतो. ही विसंगती आहे काय? दोन प्रसंगांतील अंतर उघड आहे. कौशिकाच्या असत्याने निरपराध माणसे वाचली असती. युधिष्ठिराच्या अर्धसत्याने शस्त्र खाली ठेवलेला गुरू मारला गेला आणि स्वपक्षाचा लाभ झाला. परंतु एवढ्याने सर्व उलगडत नाही. द्रोणांच्या अस्त्रांनी पांडवसेनेचा संहार चालला होता; जीव तेथेही वाचलेच. महाभारतकाराला बहुधा असे सुचवायचे आहे की अनिवार्य ठरलेले असत्यही असत्यच राहते. ते करावे लागेल, करणे योग्यही असेल. पण त्याची किंमत माफ होत नाही. रथ खाली येतो.

धर्मशास्त्रातही या जाणिवेची एक अनपेक्षित खूण सापडते. शूद्र, वैश्य, क्षत्रिय वा ब्राह्मण यांपैकी कोणाचाही सत्य साक्षीमुळे वध होणार असेल, तर तेथे असत्य सांगावे, अशी मुभा मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. आणि लगेच पुढे, असे असत्य बोलणाऱ्याने वाग्देवता सरस्वतीला चरू अर्पण करून प्रायश्चित्त घ्यावे, असे विधान आहे. ज्या ग्रंथाने माणसामाणसांत दंडाचेही वेगवेगळे माप लावले, आणि ज्याचे १९२७ साली महाडला जाहीर दहन झाले, त्याच ग्रंथात हे वचन आहे. त्या ग्रंथाचा एरवीचा अन्याय त्यामुळे धुऊन निघत नाही. पण विचार म्हणून त्यातील सूक्ष्मता दुर्लक्षिण्याजोगी नाही. परवानगी आहे, तरी प्रायश्चित्त आहे. आणि ते फसविलेल्या न्यायसभेपाशी घ्यायचे नसून दुखावलेल्या वाणीपाशी घ्यायचे आहे. शब्दाची पत ही कान्टची चिंता आणि जिवाची राखण ही मिलची चिंता, दोन्ही येथे एका विधीत सामावल्या आहेत. इंग्लंडमध्ये बर्नार्ड विल्यम्सने १९६५ साली असे प्रतिपादन केले की दोन कर्तव्यांच्या संघर्षात एकाची निवड योग्य ठरली तरी दुसरे नाहीसे होत नाही. त्याची रुखरुख उरते आणि ती उरणे विवेकाला धरूनच असते. व्हरांड्यात ठरलेले वाक्य महिनोन्‌महिने निभावून नेणाऱ्या मुलाला वडिलांच्या मागे जी टोचणी लागते, तिला अपराध म्हणता येत नाही आणि भ्रमही म्हणता येत नाही. तिच्यासाठी आज कोणता विधी उरलेला नाही, एवढेच.

युक्तिवादाच्याही मर्यादा असतात, हे इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये वेगळ्या प्रसंगाच्या निमित्ताने दाखविले आहे. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला कायद्याचा प्रश्न, आधी स्वतःला हरलेल्या पतीला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार होता काय, भीष्मांनाही सोडविता आला नाही. इरावतीबाईंच्या मते तो प्रश्न विचारण्यातच द्रौपदीची चूक झाली. त्या घटकेला पांडित्याने वाद घालण्यापेक्षा क्षात्रधर्माच्या नावाने दयेची हाक देणे योग्य होते. हे मत सर्वांना पटेल असे नाही. प्रश्न विचारला म्हणूनच ती सभा आजतागायत निरुत्तर आहे, असेही म्हणता येईल. परंतु नीतीचा निवाडा करायला जमलेली विद्वत्सभा डोळ्यांपुढचे माणूस विसरू शकते, हे त्यांचे निरीक्षण खोटे नाही.

भीष्म साहनी यांच्या 'तमस' या हिंदी कादंबरीत, १९४७ च्या दंगलीत, म्हातारा हरनामसिंग आणि त्याची पत्नी बंतो एका अनोळखी मुसलमान घराच्या दाराशी येतात. घरातील पुरुष लुटीसाठी बाहेर गेले आहेत. घरी राजो ही प्रौढ गृहिणी आहे. आश्रय द्यावा तर स्वतःच्याच माणसांचा रोष, न द्यावा तर या दोघांचा मृत्यू. तिचे मन दोन्हीकडे ओढले जाते, आणि ती त्यांना आत घेते. लुटून आणलेली पेटी हरनामसिंगाचीच निघते. अखेर रात्रीच्या अंधारात राजो त्या दोघांना गावाबाहेर वाटेला लावते. तिच्याजवळ कोणताही सिद्धांत नाही. ती घरच्यांशी एकनिष्ठ राहिली असेही म्हणवत नाही आणि त्यांच्याविरुद्ध गेली असेही म्हणवत नाही. कौशिकाहून ती एकाच बाबतीत वेगळी आहे: दाराशी आलेली माणसे तिने पाहिली.

रानात शिरलेल्या त्या माणसांची नावे महाभारताने दिलेली नाहीत. ती किती होती, कोणत्या गावची होती, तेही सांगितलेले नाही. कौशिकाचे काय झाले ते कथेने सांगितले; पुढच्या सर्व चर्चेनेही त्याच्याच पापपुण्याचा हिशेब केला. सत्य, परिणाम, बुद्धी आणि तत्त्व यांपैकी कोणतेही माप हाती घेणाऱ्याने त्या रानाच्या बाजूने एकदा पाहिले पाहिजे, आणि माप ठेवल्यावर पुन्हा एकदा.